थाई भाषेतील संयोजक क्रियापदे

थाई भाषेतील संयोजक क्रियापदे : वाक्यातील उद्देश्य आणि त्याच्याविषयी सांगितलेले नाम, गुण वा स्थान यांचा संबंध जोडून देणाऱ्या क्रियापदांस संयोजक क्रियापदे म्हणतात. मराठी व्याकरणात ‘असणे’, ‘होणे’ यांसारख्या क्रियापदांना अपूर्ण विधान क्रियापदे आणि त्यांचा अर्थ पुरा करणाऱ्या शब्दाला विधानपूरक म्हणण्याची रूढी आहे. थायलंडच्या (पूर्वीच्या सयामच्या) राजभाषेत हे कार्य एका क्रियापदाकडे नाही. ‘पेन’, ‘खू’ आणि ‘छाइ’ हे तीन शब्द ते आपसांत वाटून घेतात. स्थान व अस्तित्व दाखविण्यासाठी ‘यू’ आणि ‘मी’ ही वेगळी क्रियापदे आहेत. गुण सांगताना तर संयोजकाची मुळीच गरज पडत नाही. यांपैकी कोणताही शब्द मुळात निव्वळ जोडणारा नव्हता. प्रत्येकाला स्वतःचा पूर्ण अर्थ होता आणि तो आजही भाषेत जिवंत आहे. पाली, लॅटिन व इंग्रजी या भाषांच्या व्याकरणांवर वाढलेल्या पंडितांनी थाई भाषेत ‘असणे’ या एकाच क्रियापदाचा शोध घेतला. त्यामुळे या शब्दांचा इतिहास हा काही अंशी व्याकरणशास्त्राच्या दृष्टीचाही इतिहास ठरतो.

पुढील विवेचनातील थाई शब्दांचे लेखन स्थूल आहे. थाई भाषेतील पाच सूर (मध्य, नीच, अवरोही, उच्च व आरोही) देवनागरीत दाखविता येत नाहीत. ‘पेन’मधील ‘ए’ ऱ्हस्व आहे. ‘खू’मधील स्वर ओठांचा चंबू न करता उच्चारलेल्या दीर्घ ‘ऊ’सारखा आहे.

थाई भाषेत विशेषण हे स्वतःच क्रियापदाचे काम करते. ‘बान याइ’ या दोन शब्दांचा अर्थ ‘घर मोठे आहे’ असा पूर्ण वाक्याचा होतो; त्यात ‘आहे’ला प्रतिशब्द नाही. ‘याइ’ या शब्दाला ‘माइ’ हा नकार क्रियापदाप्रमाणे सरळ लागतो आणि ‘बान माइ याइ’ म्हणजे ‘घर मोठे नाही’ असे वाक्य बनते. येथे ‘पेन’ घातल्यास वाक्य अशुद्ध ठरते. थाई शिकू लागलेला परदेशी माणूस हमखास अडखळतो तो याच ठिकाणी, कारण आपल्या भाषेतील ‘आहे’ला काहीतरी प्रतिशब्द हवाच असे त्याने गृहीत धरलेले असते. वार, वय, किंमत व संख्या सांगतानाही संयोजक सामान्यतः गाळतात. ‘वन नी वन चन’ म्हणजे ‘आज सोमवार’. त्यातील ‘चन’ हा ‘चंद्र’ या संस्कृत शब्दाचा थाई अवतार होय. नाव सांगण्यासाठी ‘छू’ (नाव असणे) हे स्वतंत्र क्रियापद आहे. ‘तो घरी आहे’ या अर्थी ‘खाव यू बान’ असे म्हणतात. ‘यू’चा मूळ अर्थ राहणे, वसणे असा आहे. वस्तूचे अस्तित्व आणि तिची मालकी या दोन्ही गोष्टी ‘मी’ने सांगितल्या जातात.

या सर्व रचना किती जुन्या आहेत हे पाहण्यासाठी सुखोदय (सुखोथाय) येथील राजा रामखामहेंग याच्या शिलालेखाकडे वळावे लागते. हा लेख शके १२१४ म्हणजे इ. स. १२९२ चा मानला जातो. पुढे राजा झालेल्या व त्या वेळी भिक्षू असलेल्या राजपुत्र मोंगकुट याला तो १८३३ मध्ये सुखोदयच्या अवशेषांत सापडला. लेखाच्या आरंभी राजा आपल्या वडिलांचे, आईचे व भावाचे नाव सांगतो. तेथे प्रत्येक वेळी ‘छू’ हे क्रियापद येते. एका आईच्या पोटची भावंडे पाच, त्यांत पुरुष तीन व स्त्रिया दोन, ही माहिती तर कोणत्याही क्रियापदाविना नुसती नामे व संख्या शेजारी ठेवून दिली आहे. सुखोदय नगरी चांगली आहे, या विधानात ‘दी’ (चांगले) हा गुणवाचक शब्दच विधेय आहे. तिच्या पाण्यात व शेतात काय पिकते हे सांगताना ‘मी’ वापरले आहे. ‘पेन’ येतो तो अधिकार आणि भूमिका सांगण्यासाठी : राजा हा नगरीचा ‘खुन’ म्हणजे अधिपती आहे आणि तो सर्व थाई लोकांचा ‘ख्रू-आचान’ आहे, अशा ठिकाणी. ‘ख्रू’ व ‘आचान’ ही ‘गुरु’ व ‘आचार्य’ या शब्दांची थाई रूपे होत. थोडक्यात, आजच्या बोलीतील कामांची वाटणी या एका दगडावर बऱ्याच प्रमाणात वाचता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९८७ मध्ये इतिहासकार मायकेल व्हिकरी यांनी आणि त्यापाठोपाठ थाई कलेतिहासकार पिरिया क्रायरेक यांनी हा लेख तेराव्या शतकातील नसून एकोणिसाव्या शतकात रचला गेला असावा, असे मत मांडले. त्यावर मोठा वाद माजला. अनेक थाई व पाश्चात्त्य अभ्यासकांनी लेखाची बाजू घेतली आणि २००३ मध्ये युनेस्कोने तो जागतिक स्मृतिनोंदणीत समाविष्ट केला. हा वाद केवळ राजकीय इतिहासाचा नाही. थाई वाक्यरचनेचा सर्वांत जुना विस्तृत नमुना म्हणून ज्या मजकुराचा आधार घ्यायचा, त्याचाच काळ सहाशे वर्षांनी पुढे सरकला, तर शब्दांच्या अर्थविकासाची सगळी साखळी नव्याने जुळवावी लागेल. सुदैवाने ‘पेन’च्या बाबतीत या एकाच लेखावर विसंबण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यास राजा लिथाय याच्या काळात कोरलेल्या लेखांवर असा आक्षेप नाही आणि त्यांतही हा शब्द संयोजक म्हणून रुळलेला दिसतो.

पेन : ‘पेन’चा संयोजकापेक्षा निराळा आणि अधिक ठोस अर्थ ‘जिवंत’ असा आहे. ‘प्ला पेन’ म्हणजे जिवंत मासा आणि ‘चप पेन’ म्हणजे जिवंत पकडणे. त्याच्या विरुद्धार्थी ‘ताय’ (मरणे, मृत) हा शब्द येतो. परंपरागत थाई लेखनशास्त्रात व छंदःशास्त्रात अक्षरांचेही ‘खाम पेन’ व ‘खाम ताय’, म्हणजे जिवंत व मृत, असे दोन वर्ग करतात. दीर्घ स्वराने किंवा अनुनासिकासारख्या नादमय व्यंजनाने संपणारे अक्षर जिवंत आणि क, त, प यांसारख्या स्पर्शव्यंजनाने तुटणारे अक्षर मृत. सूर ओळखण्याचा नियम या भेदावर उभा असल्याने प्रत्येक थाई विद्यार्थी तो शाळेतच शिकतो. शान व लाओ या भगिनीभाषांत हाच शब्द ‘असणे, होणे’ या अर्थी आढळतो. आसामातील ताई फाके व खामती या बोलींतही तो थोड्याफार ध्वनिभेदाने आहे. तेव्हा तो थाई भाषेने उसना घेतलेला नसून ताई भाषासमूहाच्या सामाईक ठेव्यातील आहे. जगणे, एखाद्या स्थितीत असणे, त्या स्थितीत येणे आणि अमुक एक होणे हा अर्थविस्तार अस्वाभाविक नाही. संस्कृत ‘भू’ धातूच्या पोटीही वाढणे व असणे हे दोन्ही अर्थ नांदतात.

संयोजक ‘पेन’ उद्देश्याला एखाद्या वर्गात, धंद्यात, नात्यात वा अवस्थेत बसवितो. ‘खाव पेन ख्रू’ म्हणजे ‘तो शिक्षक आहे’. राष्ट्रीयत्व याच शब्दाने सांगतात. रोगही याच शब्दाने : ‘पेन खाइ’ म्हणजे ताप येणे. मराठी माणसाला ताप येतो, थाई माणूस ताप ‘होतो’. राजा किंवा राजकुलातील व्यक्ती उद्देश्य असेल तर ‘पेन’च्या आधी ‘सोंग’ हा आदरवाचक शब्द जोडतात. पाली-संस्कृतातून आलेली भाववाचक नामे थाई वाक्यात विधेय म्हणून वापरायची असली, तर त्यांना बहुधा ‘पेन’चाच आधार द्यावा लागतो. ‘पेन थाम’ (धर्म) म्हणजे न्याय्य असणे आणि ‘पेन मित’ (मित्र) म्हणजे स्नेहभाव असणे. ‘पेन इत्सर’ म्हणजे स्वतंत्र असणे; ‘इत्सर’ हा पाली ‘इस्सर’ म्हणजे ईश्वर, स्वामी या शब्दावरून आला. देशी गुणशब्द स्वतःच क्रियापद असतात, परके शब्द मात्र नामच राहतात आणि म्हणून संयोजक मागतात. बौद्ध धर्माबरोबर आलेल्या शब्दसंपत्तीने ‘पेन’चे क्षेत्र असे वाढविले.

क्रियापदानंतर येणाऱ्या ‘पेन’ची कामगिरी आणखी वेगळी आहे. ‘वाय नाम पेन’ म्हणजे ‘पोहता येते’. शिकून अंगी बाणलेले कौशल्य तेवढे या रचनेने व्यक्त होते. शारीरिक बळ वा परवानगी सांगायची असल्यास इतर शब्द आहेत. एका गोष्टीचे दुसऱ्या गोष्टीत रूपांतर होणे, कापून दोन तुकडे करणे, एखादा मजकूर थाईत भाषांतरित करणे, या सर्व ठिकाणी परिणाम दाखविणारा शब्द ‘पेन’ हाच असतो. म्हणजे त्यात ‘होणे’चा अर्थ ‘असणे’इतकाच बळकट आहे. निव्वळ ‘असणे’ समजून त्याचे वर्णन केले, तर हे अर्धे क्षेत्र निसटते.

खू : ‘खू’चे काम ओळख पटविण्याचे व व्याख्या करण्याचे आहे. ‘खोन नी खू ख्रू खॉङ फोम’ म्हणजे ‘ही व्यक्ती म्हणजे माझे शिक्षक’. मराठीतील ‘म्हणजे’ हा शब्द ‘खू’चा अर्थ जितका नेमका पकडतो, तितका ‘आहे’ हा शब्द पकडत नाही. ‘पेन’च्या दोन बाजू सहसा अदलाबदल करता येत नाहीत, कारण एका बाजूला व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूला वर्ग असतो. ‘खू’च्या दोन्ही बाजूंना निश्चित पदार्थ असल्याने त्या उलटता येतात. धर्मग्रंथांवरील थाई विवरणांत पालीतील शब्द आधी उद्धृत करून त्याचा अर्थ ‘खू’ किंवा ‘खू वा’ या शब्दांनी उलगडण्याची पद्धत आहे. मठांतील अध्ययनामुळे ही पद्धत गद्यलेखनाचा एक साचाच बनली आणि शब्दकोश, कायदे व पाठ्यपुस्तके यांच्या भाषेत ती उतरली. बोलण्यात वाक्याच्या आरंभी नुसते ‘खू...’ म्हणून थांबण्याची लकबही आहे. संकोचाने किंवा खुलासा करण्यासाठी मराठी माणूस ‘म्हणजे...’ म्हणून थांबतो, तशीच.

लाओ भाषेत आणि ईशान्य थायलंडच्या बोलीत याच शब्दाचा अर्थ ‘सारखा असणे’ असा आहे. साम्य दाखविणारा शब्द ऐक्य दाखवू लागणे फारसे अवघड नाही. त्यामुळे ‘खू’च्या पूर्वेतिहासाचा धागा याच अर्थाकडे जात असावा असे वाटते.

छाइ व नकार : ‘पेन’ व ‘खू’ हे दोन शब्द सर्वांत वेगळे पडतात ते नकारात. ‘माइ’ हा सामान्य नकार ‘खू’ला लागतच नाही. ‘पेन’ला तो ‘माइ पेन राइ’ (काही हरकत नाही) या प्रवाशांनाही परिचित असलेल्या शब्दसंहतीत आणि ‘येत नाही’ या कौशल्यवाचक अर्थी लागतो. पण ‘तो शिक्षक नाही’ या अर्थी ‘खाव माइ पेन ख्रू’ असे सहसा म्हणत नाहीत. तेथे ‘खाव माइ छाइ ख्रू’ अशी रचना येते किंवा मध्ये ‘दाइ’ घालून ‘माइ दाइ पेन’ असे म्हणतात. ‘छाइ’चा अर्थ ‘बरोबर, तसेच’ असा आहे. प्रश्नाला होकार देताना थाई माणूस हाच शब्द उच्चारतो. ‘माइ छाइ’ म्हणजे शब्दशः ‘बरोबर नाही’. मराठीतील ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांचा भेद ज्यांच्या कानाला अजून जाणवतो, त्यांना ही रचना समजण्यास अडचण पडू नये : ‘तो घरी नाही’ येथे ‘माइ यू’, ‘तो शिक्षक नव्हे’ येथे ‘माइ छाइ’.

‘छाइ’च्या इतिहासात एक गमतीदार वळण आहे. जुन्या वाङ्मयीन थाईत आणि काही रूढ शब्दप्रयोगांत ‘छाइ’ एकटाच ‘नव्हे’ या अर्थाने येतो. ‘छाइ वा’ने सुरू होणाऱ्या वाक्याचा अर्थ ‘असे नव्हे की’ असा होतो. म्हणजे एकच शब्द एके ठिकाणी होकार व दुसऱ्या ठिकाणी नकार देतो आणि थाई वाचकाला संदर्भाने त्यांतील फरक करावा लागतो.

व्याकरणकारांची दृष्टी : सयामी भाषेवरील सर्वांत जुना शास्त्रग्रंथ म्हणून चिन्दामणी (थाई उच्चार ‘चिन्दामनी’) याचा उल्लेख होतो. राजा नाराय (कार. १६५६–८८) याच्या दरबारातील फ्रा होराथिबोदी हा त्याचा कर्ता मानला जातो. त्यात लेखननियम, संस्कृत-पालीतून आलेले शब्द व वृत्ते यांचे विवेचन आहे. वाक्यविचार त्याच्या कक्षेत येत नाही. ही उणीव आधी परकीयांनी भरून काढली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कॅप्टन जेम्स लो याने लिहिलेले थाई व्याकरण १८२८ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. फ्रेंच बिशप पालग्वा (१८०५–६२) याचे लॅटिन भाषेतील व्याकरण १८५० मध्ये बँकॉक येथे प्रसिद्ध झाले. हा तोच धर्मोपदेशक, ज्याने मोंगकुटला लॅटिन शिकविले आणि त्याच्याकडून स्वतः पाली शिकून घेतली. लॅटिनमध्ये ‘असणे’चे क्रियापद एकच, त्या चौकटीत थाईतील तीन-चार शब्द एकाच क्रियापदाचे पर्याय भासावेत, हे ओघानेच आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षण खात्याने शाळांसाठी सयाम वैयाकॉन हे पुस्तक तयार केले. त्याचा आराखडा इंग्रजी व्याकरणाचा होता.

थाई व्याकरणाला परंपरेचे रूप दिले ते फ्राया उपाकित सिल्पसान (१८७९–१९४१) यांनी. ते पालीचे जाणकार होते. ‘स्वस्ति’ या शब्दावरून ‘सवत्दी’ हे आज सर्वत्र रूढ झालेले अभिवादन प्रचारात आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. त्यांच्या लाक फासा थाय (थाई भाषेची तत्त्वे) या ग्रंथाचे लेखनविचार, शब्दविचार, वाक्यविचार व छंदोविचार असे चार भाग असून पुढील अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. क्रियापदांचे त्यांनी चार प्रकार केले आणि त्यांत अकर्मक व सकर्मक यांच्या जोडीला ‘विकतर्थ क्रिया’ (थाई उच्चार ‘विकतत्थ करिया’) हा प्रकार मांडला. अशा क्रियापदाचा अर्थ पुरा करणारे पद म्हणजे ‘विकतिकारक’. ‘विकति’ हे संस्कृत ‘विकृति’ (बदललेली स्थिती) या शब्दाचे पाली रूप होय. सयामच्या मठांत पाली शिकविताना ‘होति’ या क्रियापदाबरोबर येणाऱ्या पूरक नामाला ‘विकतिकत्ता’ म्हणतात आणि त्याचे थाई भाषांतर ‘पेन’ घालून करावे असा दंडक आहे. भाषांतराच्या वर्गातील हीच संज्ञा उपाकितांनी थाई व्याकरणात आणली. मराठीतील अपूर्ण विधान क्रियापदाची कल्पना तिच्याशी बरीच जुळते.

या वर्गात उपाकितांनी ‘पेन’ व ‘खू’ यांच्याबरोबर ‘म्युअन’ (सारखा असणे), ‘ख्लाय’ (साधारण तसा असणे) आणि ‘थाव’ (तितका असणे) हे शब्दही घातले. पाश्चात्त्य व्याकरणाच्या नजरेला ही यादी विजातीय वाटेल, कारण ‘असणे’ व ‘सारखे असणे’ हे तिकडे वेगळ्या कोटींतील मानले जातात. परंतु ‘खू’चा लाओतील अर्थ ध्यानात घेतला, तर ऐक्य, साम्य व समता दाखविणाऱ्या शब्दांना एकत्र ठेवण्यात उपाकितांनी भाषेची प्रकृती अधिक चांगली ओळखली होती, असेच म्हणावे लागते. त्यांच्या मांडणीत उणे राहिले ते नकाराचे. कोणता शब्द ‘माइ’ स्वीकारतो व कोणता नाही, ही कसोटी त्यांनी वर्गीकरणाच्या मुळाशी घेतली नाही.

ती कसोटी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्णनात्मक भाषाविज्ञानाने आणली. रिचर्ड नॉस यांचे थाई व्याकरण १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अर्थापेक्षा शब्दाच्या वाक्यातील स्थानावर भर होता. ‘पेन’ व ‘खू’ यांच्यातील भेदाचे सर्वांत परिचित स्पष्टीकरण सुसुमु कुनो आणि प्रीया वोंगखोमथोंग यांनी १९८१ मध्ये दिले. त्यांच्या मते ‘पेन’ची वाक्ये उद्देश्याचे स्वरूप सांगतात, तर ‘खू’ची वाक्ये त्याची ओळख पटवितात. हा भेद पुढील संशोधनात बहुतेकांनी आधारभूत मानला. सर्व उदाहरणे मात्र त्यात चपखल बसत नाहीत. पद वा नाते एकाच व्यक्तीपुरते असले की दोन्ही शब्द चालू शकतात आणि मग निवड बोलणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून राहते : तो त्या व्यक्तीविषयी काही सांगत आहे, की ‘ती कोण’ या प्रश्नाला उत्तर देत आहे.

शेजारच्या भाषा : संयोजकांची ही विभागणी एकट्या थाईची नाही. लाओ भाषेत वर्ग सांगण्यासाठी ‘पेन’ आणि ओळख पटविण्यासाठी ‘मेन’ वापरतात. ‘मेन’चा मूळ अर्थ ‘बरोबर, खरे’ असा आहे. थाईतही तो शब्द ‘अचूक’ या अर्थी आहे. लाओमध्ये ‘नव्हे’ म्हणायचे तर ‘बॉ मेन’. ख्मेर ही वेगळ्याच, ऑस्ट्रो-आशियाई कुलातील भाषा. तरी तिच्यातही वर्ग सांगणारा ‘चिआ’ आणि थाई ‘खू’शी ध्वनीने व अर्थाने जुळणारा ‘कू’ हे दोन शब्द वेगळे आहेत. तेथे नकारार्थी वाक्यात ‘मिन मेन’ म्हणजे ‘खरे नव्हे’ अशी रचना येते. अंगकोरचे साम्राज्य, सुखोदय व अयुथ्या यांचा शेकडो वर्षे निकट संबंध होता आणि दरबार व मठ या दोन्ही ठिकाणी दुभाषी मंडळी वावरत होती. कुल वेगळे असूनही या भाषांच्या वाक्यांची घडण इतकी जवळ यावी, याचे कारण त्या सहवासात शोधावे लागते. ताई लोकांची जी शाखा तेराव्या शतकात पश्चिमेकडे जाऊन आसामात अहोम राज्य स्थापणारी ठरली, ती या ख्मेर सहवासापासून दूर राहिली. म्हणून मेनाम खोऱ्यातील थाईने कोणती वैशिष्ट्ये मूळ ताई वारशातून घेतली आणि कोणती शेजाऱ्यांच्या संगतीत मिळविली, हे ठरविताना आसामातील ताई बोलींची साक्ष विशेष मोलाची ठरते.